बाबा ६९ वर्षांचे, बाकी तब्येत ठणठणीत. हृदयाची झडप जांघेतून बसवावी की छाती उघडून?

गिरगावची लेक:
नमस्कार. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, डबलडेकरचे जिने चढण्यात नोकरी गेली. दिवाळीपासून मात्र दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. कठड्याला टेकून खाली बघत उभे राहायचे. मला वाटायचं, कोणाची तरी वाट बघतायत. गेल्या महिन्यात मी मागूनच चढत होते, तेव्हा दिसलं: कठडा धरलेली बोटं पांढरी पडली होती.

इकोमध्ये एओर्टिक स्टेनोसिस निघालं, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप अरुंद झालीय. झडपेचं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर, मीन ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक) ४६. शुगर नाही, किडनी चांगली, अँजिओग्राफी साफ, म्हणून ऑपरेशनला ‘लो रिस्क’. एक डॉक्टर टावी म्हणतात, म्हणजे जांघेतून नळीने झडप बसवायची; दुसरे ओपन, म्हणजे छाती उघडून. दोघांनी मिळून दहा मिनिटंही दिली नाहीत. टावी ऐंशीच्या पुढच्यांना करतात असं ऐकलं होतं, मग धडधाकट माणसाला करावी का? आणखी एक. बाबा माळकरी आहेत. झडप कशाची असते, असं त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.

कांदिवलीची सून:
ताई, आमच्या सासूबाई ७८ च्या. टावीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना वॉर्डात चालवलं. पण हृदयाचे ठोके मंदावले आणि पेसमेकर बसवावा लागला. आज त्या छान आहेत, पण ही शक्यता आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. तुम्ही विचारून ठेवा.

परळचा परफ्युजनिस्ट:
ओपनमध्ये हार्ट-लंग मशीन मी चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. टावी पहिल्यांदा २००२ साली फ्रान्समध्ये झाली, ती ऑपरेशन झेपणारच नाही अशा पेशंटवर. लो रिस्कवरचे दोन मोठे अभ्यास २०१९ ला आले. त्यातल्या ‘पार्टनर ३’ या अभ्यासात वर्षभरात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा भरती यांचं एकत्रित प्रमाण टावीत ८.५ टक्के होतं, ओपनमध्ये १५.१. पाच वर्षांनी हे आकडे २२.८ आणि २७.२ झाले, म्हणजे ठामपणे सांगण्याजोगा फरक उरला नाही. दुसऱ्या, इव्होल्यूट नावाच्या टावी झडपेच्या अभ्यासात महिन्याभरात पेसमेकर लागला तो टावीत १७.४ टक्क्यांना, ओपनमध्ये ६.१.

ताई, खरा प्रश्न आजच्या धोक्याचा नाही. बाबांना अजून वीस वर्षं मिळावीत, आणि टिश्यूची (प्राण्याच्या ऊतीची) झडप तेवढी टिकेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांना ‘दुसरी वेळ आली तर काय कराल?’ हे विचाराच. पहिल्या टावीच्या आत दुसरी बसेल का, पुढे कोरोनरीपर्यंत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपर्यंत) कॅथेटरची नळी पोहोचेल का, हे सीटी बघूनच सांगता येतं. झडपेला पाकळ्या दोन आहेत की तीन, तेही विचारा. जन्मजात दोन पाकळ्यांच्या लोकांना या अभ्यासांत घेतलंच नव्हतं. वयाचं म्हणाल तर अमेरिकेच्या २०२० च्या नियमांत ६५ ते ८० मध्ये दोन्ही चालतं, पेशंटसोबत बसून ठरवायचं. युरोपने २०२१ ला टावीसाठी ७५ ची रेषा धरली होती, २०२५ ला ती ७० वर आणली. तुमचे बाबा नेमके त्या उंबऱ्यावर आहेत.

झडपेचं बाबांना खरं सांगा. टावीची झडप गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरच्या आवरणाची असते. वापीला बनणारी मायव्हल नावाची टावी झडपही गाईच्याच आवरणाची. प्राण्याचं काहीच नको असेल तर ओपन करून धातूची बसवता येते, पण मग रक्त पातळ करायची गोळी जन्मभर.

मुलुंडचे काका:
माझी ओपन झाली, ६२ व्या वर्षी, दोन पाकळ्यांची झडप होती. पहिले दोन महिने छातीशी उशी दाबून खोकायचो, कुशीवर झोपता यायचं नाही. नंतर मात्र विसरलो. बाळ, तिसरा मजला आहे म्हणून घाईने सोपं निवडू नकोस. पण चक्कर येऊन पडले तर एक दिवसही थांबू नका.

गिरगावची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा उघडला, पाकळ्या तीनच आहेत. गुरुवारी सीटी आहे. बाबांना झडपेचं सांगितलं. रात्री जेवताना काही बोलले नाहीत. सकाळी माळेवर हात ठेवून म्हणाले, “धातूची नको. ती गोळी सुरू असताना वारीत ठेच लागली तर रक्त थांबायचं नाही.” मग माझ्याकडून वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात पहिला प्रश्न लिहिला: दुसरी वेळ आली तर काय कराल?