बाईंना शागास निघाला, लेक त्यांच्याच ताटात जेवते

साओपावलोची_प्राची:
घरी मदतीला येणाऱ्या बाई ब्राझीलमधल्याच मिनास जेराइस राज्याच्या खेड्यातल्या, वय 58. आमच्याकडे लिफ्ट नाही. महिनाभर त्या दर मजल्यावर थांबत होत्या, संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटलेले असायचे. मला वाटलं वयामुळे. परवा रिपोर्ट घेऊन आल्या: शागास, म्हणजे किड्यामुळे होणारा परजीवीचा आजार, हृदय मोठं झालंय, पेसमेकर बसवायचाय. म्हणाल्या, "लहानपणी कुडाचं घर होतं, रात्री बार्बेरो चावायचे." पोर्तुगीजमध्ये बार्बेरो म्हणजे न्हावी! झोपेत तोंडावर चावतो म्हणून किड्याला हे नाव.
लेक चार वर्षांची, बाईंच्या ताटात जेवते. आई फोनवर म्हणते, त्यांना काढून टाक. विचारायलाही लाज वाटतेय, पण हे लागतं का?

मिनासचा_जावई:
नाही लागत, आईंना सांगा. माझ्या सासऱ्यांना होता, चौदा वर्षं एका घरात काढली. किडा ढेकणाच्याच गोतातला, पण चांगला मोठा. रक्त पिऊन तिथेच हगतो, माणूस झोपेत खाजवतो आणि ती घाण जखमेत नाहीतर डोळ्यात जाते. परजीवी असा शिरतो. पुढे वीस-तीस वर्षं कळतही नाही. दहातल्या दोन-तीन जणांच्या हृदयाचा स्नायू मात्र आतल्या आत सुजत, झिजत जातो. कार्लोस शागास यांनी 1909 मध्ये हा रोग शोधला तो मिनासमधल्याच लासान्सला. रेल्वेच्या कामावरचा हिवताप आवरायला गेले होते. सासरे हे अशा थाटात सांगायचे की जणू स्वतःच हजर होते!

रसवंती:
उसाच्या रसातूनही होतो ना?

मिनासचा_जावई:
होतो. किडा उसाबरोबर चरकात गेला तर. 2005 मध्ये इथल्याच सांता कातारिना राज्यात रस पिऊन माणसं गेली. आसाई या ताडाच्या जातीतल्या फळाच्या कच्च्या रसाचंही तेच.

गोळी_आणि_काढा:
मी डॉक्टर आहे, पुण्यात. प्राचीताई, लेकीची काळजी सोडा, बाईंना मुलं आहेत का ते विचारा. गरोदरपणी आईकडून बाळाला जातो, रक्तातूनही जातो. मुलांची रक्ततपासणी हवीच. बेन्झनिडाझोल हे परजीवीवरचं औषध लवकर दिलं तर उपयोग होतो, लहान मुलांत तर फारच. हृदय एवढं बिघडल्यावर त्याने फारसा फरक पडत नाही. तिथे पेसमेकर आणि हृदयाच्या नेहमीच्या गोळ्याच.

साओपावलोची_प्राची:
दोन मुलगे आहेत. धाकटा दर तीन महिन्यांनी रक्तदान करायचा, मागे रक्तपेढीतून पत्र आलं आणि त्याने ते फाडून टाकलं म्हणे. उद्या दोघांना घेऊन जातेय. दुसऱ्या मजल्यावर बाईंसाठी स्टूल ठेवलंय. लेक आधी पळत जाऊन त्यावर बसते आणि त्या आल्या की उठते.