सोसायटीच्या गणेशोत्सवात आरेतील पाड्यांना बोलवायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

सोसायटी_सचिव (गोरेगाव पूर्व):
आमची सोसायटी आरेच्या हद्दीला लागून आहे. पलीकडच्या पाड्यांतील वारली कुटुंबांतून बरीच माणसे आमच्याकडे घरकामाला आणि बागकामाला येतात, तरीही संबंध पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडे तोडली गेली, तेव्हा विरोध करणाऱ्या पाडेकऱ्यांविषयी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे लिहिले गेले ते त्यांच्यापर्यंत पोहोचले. पुढे बिबट्याच्या भीतीने समितीने मागचे फाटक कायमचे बंद केले आणि त्यांची बसथांब्यावर जाण्याची जुनी वाट तुटली. आता काही तरुण सभासद म्हणतात की यंदा त्या कुटुंबांना बोलावून तारपा (वारल्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य) नाच ठेवावा आणि एकत्र पंगत करावी. हेतू प्रामाणिक आहे, पण हे वरवरचे ठरेल का?

पाड्यावरची_शिक्षिका:
पंगतीला माझा विरोध नाही. पण पहिलेच निमंत्रण नाचायचे असेल, तर पाहुणा आणि करमणूक यांतला फरक आपल्याला कळला नाही असेच तिकडे समजले जाईल. तारपा भाताच्या सुगीशी जोडलेला आहे. वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. त्याच्याकडे पाठ करायची नसते. मांडवातल्या स्टेजवर हाच नाच प्रेक्षकांकडे तोंड करून रांगेत करायला लावला जातो आणि खाली मोबाइल वर होतात. त्यांची इच्छा असेल तर जरूर ठेवा, मात्र मैदानात ठेवा आणि कलावंत म्हणून मानधन द्या. त्याआधी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या त्यांच्या कार्यक्रमाला आपण जाऊन मागे बसावे, आणि पुढे दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला बोलावणे आले तर जावे. ज्या बिबट्यामुळे तुम्ही फाटक लावले, त्याच वाघोबाला तिथे नैवेद्य दाखवतात.

जुना_रहिवासी_६८:
थोडे कडवट लिहितो. १९४९ मध्ये आरेची दुग्धवसाहत सुरू झाली, त्याआधीपासून आपण इथे आहोत असे पाड्यांतील लोक सांगतात. पुढे त्यांच्याभोवती तबेले, चित्रनगरी आणि शेवटी आपल्यासारख्या इमारती आल्या. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातही १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वस्त्या हटवल्या गेल्या, तेव्हापासून 'उठवतील' ही धास्ती या पट्ट्यात कायम आहे. जमिनीचा आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा प्रश्न सोसायटीच्या हातात नाही, त्यामुळे मांडवात त्यावर भाषणे ठोकू नयेत. मात्र फाटक सोसायटीच्याच हातात आहे. पावसाळ्यात शेवळं, कंटोळी, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांना आपल्याच गेटसमोरून उठवायचे की नाही, हेही आपल्याच हातात आहे. एवढे न करता श्रीखंड-पुरी वाढलीत, तर लोक येतील, जेवतील आणि काहीही न बोलता परत जातील.

विक्रोळीकर:
कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले जाई, त्यांच्यासंबंधी २००८ मध्ये आयोग नेमला गेला. त्याने काही वर्षे देशभर फिरून हजारो माजी विद्यार्थ्यांची कथने ऐकली आणि २०१५ मध्ये ९४ शिफारसी केल्या. सोसायटीची आणि त्या आयोगाची बरोबरी नाही, पण क्रम घेण्यासारखा आहे. समितीतील दोघांनी एखाद्या संध्याकाळी पाड्यावर जाऊन ऐकावे, स्पष्टीकरण देऊ नये. आणि पुढारी म्हणून मिरवणाऱ्या एकालाच भेटून परतू नका. बायकांच्या तक्रारी बहुधा वेगळ्याच निघतात.

सोसायटी_सचिव:
आभार. काल समितीत हा विषय मांडला. नाचाचा बेत तूर्त सोडला आहे. फाटक सकाळी सहा ते रात्री आठ उघडे ठेवून तिथे दिवा आणि पहारेकरी द्यावा यावर बहुमत झाले, पण नोंदवहीत सही घेण्याचा आग्रह दोघे सोडत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या दूधवाल्याची सही आम्ही घेत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले आहे. पाड्यावर कोणी जायचे ते रविवारच्या बैठकीत ठरेल.