निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात. कासवांच्या कामात माझा काही उपयोग होईल का?

आडवळणीकाकू
नमस्कार मंडळी. मुंबईत टपाल खात्यात नोकरी झाली. आता दापोली तालुक्यात सासरच्या घरी येऊन राहिले आहे. मुलगा पुण्याला. घर भरतं ते गणपतीला आणि शिमग्याला, एरवी मी आणि पडवीतली मांजरं. किनारा जवळच आहे. थंडी सुरू झाली की कासवमित्र पोरगा पहाटे काठी घेऊन वाळूतून जाताना दिसतो. त्याला बघून आपणही काही करावं असं वाटतं.

एका संस्थेला फोन केला, तर वय ऐकून "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. वाडीत बोलले तर पहिला प्रश्न, "वहिनी, देतात किती?" आता खरं सांगा, साठी उलटलेल्या बाईला यात काय करता येईल? नुसती हौस म्हणून कोणाच्या पायात येण्याची इच्छा नाही.

बाणकोटखाडी
काकू, मी मंडणगडकडचा, हंगामात हेच काम करतो. आधी काम काय असतं ते ऐका, म्हणजे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. पहाटे कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी आपण पोचायचं, एवढीच शर्यत. दोन-अडीच फूट रुंद माग भरतीरेषेच्या वर चढतो आणि दुसरा खाली उतरतो. दोन्ही जिथे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली दिसते. घरटं हलवायचं असेल तर काही तासांत हलवावं लागतं, आणि तेही अंड्याची वरची बाजू वरच ठेवून. फिरवलं की आतला जीव गेला. अंडी शंभराच्या आसपास, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याएवढाच खोल खड्डा करून ती ठेवायची. मग साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस राखण.

यातलं खणणं-उचलणं तुम्ही करूच नका. गुडघ्यांमुळे नव्हे, कायद्यामुळे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय अंड्याला हात लावायचा नाही. माग दिसला की वनरक्षकाला फोन. नंबर नसेल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

आता तुमच्या कामाचं. आमच्याकडे वाळूत चालणारे पाय आहेत, लिहिणारा हात नाही. प्रत्येक घरट्याची नोंद लागते: कुठे सापडलं, किती वाजता, किती अंडी, किती खोल, कधी हलवलं, किती पिल्लं निघाली, किती अंडी वाया गेली. शिवाय हॅचरीतल्या वाळूचं तापमान, कारण वाळू तापली की माद्या जास्त, गार राहिली की नर. हे सगळं पोरं बिडीच्या पाकिटावर लिहितात आणि शिमग्यात पालखीमागे नाचताना पाकीट हरवतात. पिल्लं निघायचा भर नेमका त्याच दिवसांत असतो हो! गाव सगळा सहाणेवर, पालखी बसते तिथे, आणि इकडे हॅचरीत घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली पिल्लांची गडबड.

दुसरं त्याहून मोठं. जाळ्यात कासव अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडलं, तर भरपाई मिळते, २०१८ पासून, २५,००० रुपयांपर्यंत. पण फोटो हवा, अर्ज हवा, कागद हवेत. अर्जाच्या धास्तीनेच कितीतरी जण मागतच नाहीत. तुम्ही जन्मभर फॉर्म भरून घेतलेत ना? बंदरावर संध्याकाळी जाऊन बसा. चार अर्ज मार्गी लागले तर पुढच्या वेळी सुरी जाळ्यावर चालेल, कासवावर नाही.

रानमोडीचा_वैरी
बाणकोटखाडी म्हणतात ते बरोबरच. मी मुरूडकडचा, आमच्याकडे फणसाड अभयारण्य, पूर्वीचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. तिथली कामं पायांची: पाणवठ्यांना (आम्ही गाण म्हणतो) माती भरली की उपसायची, बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजायचे. मचाणाची शिडी काकूंना नको.

पण गावच्या देवराईत करण्यासारखं आहे. रानमोडी, ते माजलेलं तण, पहिल्या पावसानंतर उपटायची, मुळं सुटून येतात. फुलावर आली की नुसतं बी पसरवणं होतं. पाऊस सरला की पऱ्यावर (ओहोळावर) रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा. गोणी उचलायला पोरं असतात, तोंडं शिवायला माणूस मिळत नाही. शेजारच्या बायकांना घेऊन जा. आमच्या आईचा रक्तदाब त्या गोण्या शिवण्यानेच उतरला असं ती म्हणते. डॉक्टर गोळीमुळे म्हणतात, आम्ही वाद घालत नाही.

सुरूच्या_सावलीत
उत्साहावर पाणी टाकत नाही, पण शनिवार-रविवारची "स्वयंसेवक" मंडळी बघितलीत ना? छापील टीशर्ट, पिल्लाबरोबर सेल्फी, पिल्लं सोडताना बांधलेल्या दोराच्या आत पाय. एकाने पिल्लं उचलून थेट पाण्यात सोडली आणि वर "मदत केली" म्हणाला. पिल्लांना वाळूवरून स्वतःच चालू द्यायचं असतं. काकू, खुर्ची टाकून दोराजवळ बसा आणि टपाल ऑफिसच्या आवाजात "मागे सरका" म्हणा. हेही काम आहे आणि ते आमच्याच्याने होत नाही. पाहुणे म्हणजे गावाचं उत्पन्न, कोणाला दुखवायचं नसतं.

आडवळणीकाकू
हा आवाज माझ्याकडे आहे! काउंटरवर रांग मोडणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. अर्जांचं मनावर घेते. एकच शंका, पहाटे नोंदीसाठी जायचं तर भुसभुशीत वाळूत गुडघा बोलतो. काय करू?

बाणकोटखाडी
तिथी बघून निघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे ओहोटी, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट. अष्टमीच्या सुमाराला पाणी वरपर्यंत असतं, तेव्हा घरीच वही लिहा, पोरगा फोनवर आकडे सांगेल. सोबत काठी ठेवा, कुत्री असतात. टॉर्च समुद्राकडे मारू नका, एखादी मादी वर येत असली तर परत फिरते. आणि वहीसाठी पेन्सिल घ्या, खाऱ्या ओलीत पेनाची अक्षरं उतरतात.