मुलगा केंब्रिजला चाललाय: घर शहरात घ्यावं की जवळच्या जुन्या गावात?

गोळपची आजी
नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या गोळपची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. मुलाला इंग्लंडातल्या केंब्रिजला नोकरी लागली आहे. ऑगस्टमध्ये तो, सून आणि नात जातील. नात मे महिन्यात चार वर्षांची झाली. मी मागाहून सहा महिन्यांच्या व्हिसावर जाईन.

भाड्याची दोन घरं बघून ठेवली आहेत. एक शहरात स्टेशनजवळचा फ्लॅट. दुसरं शहराच्या मध्यापासून पाचेक किलोमीटरवर, हिस्टन नावाच्या मोठ्या जुन्या गावात, गवताने शाकारलेलं. फोटो बघितल्यापासून सुनेचा जीव त्या घरात अडकलाय. मलाही आजोळचा पेंढ्याने शाकारलेला गोठा आठवला. पण काळजी वाटते. मुलगा दिवसभर कामावर, सून घरात एकटी, ओळखीचं कुणी नाही. आमच्या पाखाडीवरून जाणारा माणूस "काय, झाला का चहा?" विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. तिथे दार लावून बसायची वेळ येईल का? अशा गावात राहिलेलं कुणी असेल तर खरं काय ते सांगा.

संगमेश्वरी
मी लेस्टरला असते. माझं मत, पहिलं वर्ष शहरातच काढावं. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. नव्या माणसाला त्या अंधारात दुकानं आणि माणसांची वर्दळ जवळ असलेली बरी.

असगोलीची
आजी, मी गुहागरजवळच्या असगोलीची. लग्नानंतर सहा वर्षं हिस्टनमध्येच काढली, आता परत आले आहे. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

गाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चार वाड्या आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी येते. हिस्टन तसं नाही. लागूनच इम्पिंग्टन आहे, दोन्ही गावांची पॅरिश कौन्सिल एकच. ही म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी सगळ्यांत खालची पायरी. दुकानं, दवाखाना, शाळा सगळं पायी अंतरावर. शहर जवळ असूनही गाव त्यात मिसळून गेलेलं नाही, कारण केंब्रिजभोवतीच्या हरित पट्ट्यात बांधकामाला सहजासहजी परवानगी मिळत नाही.

मला ते गाव आपलं वाटलं ते मात्र जॅममुळे. तिथे चिव्हर्स नावाच्या घराण्याच्या फळबागा होत्या. फळं बाजारात पाठवायचे, तेव्हा घेणारे बहुतेक जॅमवाले आहेत हे घरच्या मुलांच्या लक्षात आलं आणि 1873 मध्ये त्यांनी एका कोठारात स्वतःच जॅम शिजवला. पुढे रेल्वेलगत कारखाना उभा राहिला आणि गावाची पोटं त्यावर चालली. मे अखेरीला कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, मिळेल त्या भावात आंबा घालताना माझ्या वडिलांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. ही गोष्ट तिथे पहिल्यांदा ऐकली त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या गावातून फळ जातं, तिथे फळ गावातच थांबलं आणि माणसंही थांबली.

ती रेल्वे 1970 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. त्याच मार्गावर 2011 पासून काँक्रीटच्या पट्ट्यांवरून बस धावते. पुढच्या चाकांच्या बाजूला छोटी आडवी चाकं असतात, तीच बसला वळवतात. वाटेत गाड्यांची गर्दी नाही, शेजारून सायकलची वाट. म्हणून मुलाला पहिला प्रश्न हा विचारा: घरापासून या बसचा थांबा किती मिनिटं? दहाच्या आत असेल तर गाडीवाचून निभतं.

आता ते शाकारलेलं घर. सुनेला वाईट वाटेल, पण मी घेणार नाही. अशी घरं बहुधा सरकारी वारसा यादीत असतात. खिडकी बदलायची तर मालकाने हो म्हणून भागत नाही, पॅरिशच्या वरच्या कौन्सिलची परवानगी लागते. आम्ही पहिला हिवाळा अशाच एका जुन्या घरात काढला. एकेरी काचा, भिंतींना ओल, बाळाला सतत खोकला. दुसऱ्या वर्षी त्याच गावात साध्या विटांच्या घरात गेलो आणि खोकला थांबला. घर ठरवण्याआधी ते किती ऊर्जा खातं त्याचा दाखला मागा. ए ते जी अशा श्रेण्या असतात, डीच्या खाली जाऊ नका. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागितली तर देऊ नका, सर्वसाधारण घरांना 2019 च्या कायद्याने तेवढीच मर्यादा आहे.

आणि एकटेपण. पाखाडीवरची हाक तिथे आपणहून येत नाही, आपण जावं लागतं. मी इम्पिंग्टन व्हिलेज कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला गेले. नाव कॉलेज असलं तरी ती माध्यमिक शाळा. हेन्री मॉरिस नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याची कल्पना अशी, की दिवसा मुलं शिकतील आणि नंतर त्याच इमारतीत गावातली मोठी माणसं. पहिलं 1930 मध्ये सॉस्टनला झालं, इम्पिंग्टनचं 1939 मध्ये. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला ते बघून भरून येईल.

पण खरी माणसं मला मिळाली भाजीच्या वाफ्यावर. पॅरिशकडून जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, मला दोन वर्षं थांबावं लागलं. मेथी, मुळा, लाल भोपळा काढला. पाऊस वर्षभरात साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, आपल्याकडे जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत तेवढा पडतो. म्हणून शिंपणं करावंच लागतं, आणि पाण्याच्या पिंपापाशी ओळखी होतात. शेजारच्या वाफ्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मला प्लमचा जॅम शिकवला, मी त्यांना भोपळ्याचे घारगे.

चिपळूणकर मामा
शाळेचं मी सांगतो. 31 ऑगस्टपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना त्याच सप्टेंबरात रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात जागा मिळते. नेहमीच्या अर्जाची मुदत 15 जानेवारीला संपलेली असते, आता उशिराचा अर्ज कौंटी कौन्सिलकडे, म्हणजे सगळ्या परगण्याच्या कौन्सिलकडे, करावा लागेल. घर शाळेच्या हद्दीत आहे का ते आधी बघा. आणि आजी, तुम्ही प्रवास विमा काढल्याशिवाय निघू नका. साधा डॉक्टर फुकट बघतो, पण पाहुण्याला रुग्णालयात ठेवलं तर सरकारी दराच्या दीडपट बिल येतं.

गोळपची आजी
असगोलीच्या बाई, तुमचं लिहिलेलं सुनेला फोनवर वाचून दाखवलं. खोकल्याचं ऐकल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, गाव तेच ठेवू, घर दुसरं बघू. मुलगा आता थांब्यापासून दहा मिनिटांतली विटांची घरं शोधतोय. भाजीच्या तुकड्यासाठी नाव पोहोचल्या दिवशीच नोंदव म्हणून त्याला सांगितलंय. मेथी तिथे कुठल्या महिन्यात पेरायची?

असगोलीची
एप्रिलच्या शेवटी पेरा. मेच्या पहिल्या पंधरवड्यातही एखाद्या रात्री दव गोठतं, तेव्हा वरून जुनं धोतर अंथरायचं.