मदत हवी आहे: कॉफीसाठी फिल्टर ठेवावा की मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारे भांडे) घ्यावा?

चिकमगळूरहून परतताना मी ८०:२० प्रमाणाची, म्हणजे पाचवा हिस्सा चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) असलेली कॉफीची पूड आणि एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांचा पितळी फिल्टर घेऊन आलो. तीन मोठे चमचे पूड वरच्या भांड्यात हलकेच दाबून तिच्यावर उकळून किंचित निवलेले पाणी ओतले, तर कधी अर्क दहा मिनिटांतच खाली उतरतो आणि पाणचट लागतो, तर कधी तासाभरानंतरही तळाशी जेमतेम दोन चमचे जमलेले असतात. भोके सुईने साफ करून झाली आहेत. चूक पूड दाबण्यात आहे की दळणात, हे मला उमगत नाही.

वडिलांना दुधाची दाट कॉफी लागते, मी मात्र बिनदुधाची पितो. फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला लावलेल्या जाळीने पूड खाली दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात) जाडसर पूड चार मिनिटे भिजवून केलेली कॉफी मला रुचली, पण दुधात ती अगदीच फिकी पडते. मोका पॉटची कॉफी दुधाला पुरी पडते असे ऐकतो; परंतु आमची शेगडी इंडक्शनची असल्याने साधे अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तिच्यावर तापणार नाही. स्टीलचा मोका पॉट वापरणाऱ्यांचा अनुभव कसा आहे, की फिल्टरवरच हात बसू द्यावा? चिकोरीविना पूड घेतल्यास फिल्टरसाठी ती कितपत बारीक दळून घ्यावी, हेही कृपया सांगावे.