नवीन गाडी, रनिंग ४२० किमी : ८० ला हँडल थरथरतं, क्लचही एकसारखा लागत नाही. काय करू?

अजिंक्यतारा
नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांपूर्वी ३५० सीसीची गाडी घेतली. अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर. पैकी तीन दिवस सातारा ते शिरवळ एमआयडीसी कामावर नेली आणि दोन दुखणी लक्षात आली.

एक, हायवेला ७५ च्या पुढे हँडल थरथरायला लागतं. ८० ला सगळ्यात जास्त, ९० च्या पुढे कमी होतं. तेवढ्या वेळात आरशात मागचा ट्रक नुसता धूसर दिसतो.

दोन, क्लच जड आहे आणि एका जागी उचलत नाही. कधी लिव्हर मध्यावर आली की गाडी उचलते, कधी पूर्ण सोडत आलो तरी उचलत नाही. पार्किंगमधून वळवून बाहेर काढताना हे हमखास होतं. खंबाटकी चढताना रांगेत सापडलो तर मनगट भरून येतं.

शोरूमवाले म्हणतात, नवीन गाडी आहे, सेट होईल, पहिल्या सर्व्हिसला बघू. पण पुढच्या शनिवारी आईला मागे बसवून नरसोबाच्या वाडीला जायचंय. बजेट २००० रुपये, त्यावर नाही. गाडी घेतल्यावर गार्ड आणि फॉग लाइट लावून घेतले तेवढंच, बाकी काही बदललेलं नाही.

घाटवाट
टायर बदला. माझ्या गाडीलाही अशीच थरथर होती, दोन महिने नुसता विचार करण्यात घालवले. शेवटी पुढचा-मागचा दोन्ही बदलले. साडेनऊ हजार गेले, पण गाडी लोण्यासारखी पळते. गाडीसोबत येणारे टायर मी आता पहिल्या महिन्यातच काढून टाकतो.

मुंबईकर_पांथस्थ
टायरला हात लावू नका. हँडलच्या दोन्ही टोकांना जड बार-एंड (टोकाला बसवायची वजनं) टाका, थरथर तिथेच मरते. मी टाकलेत, मुंबई ते गोवा एका दमात गेलो, हाताला मुंग्या नाहीत. आणि एकदा एक्स्प्रेसवेला नेऊन ११० पर्यंत ओढून बघा, खरं काय ते कळेल.

रंकाळा_फिटर
एक्स्प्रेसवेला दुचाकीला बंदी आहे. आणि ४२० रनिंगची गाडी ११० ला ओढायला सांगू नका कुणाला. गाडीच्या पुस्तकात पहिल्या ५०० किमीला काय लिहिलंय ते आधी वाचा.

अजिंक्यतारा, भावा, एक काम कर. सकाळी लवकर, मागे-पुढे कोणी नसताना सरळ रस्त्यावर ८० ला जा. थरथर सुरू झाली की क्लच दाबून धर आणि गॅस सोड. इंजिन आयडलला येईल, गाडी नुसती वेगावर पळत राहील. तरीही हँडल तसंच थरथरलं तर चाकात दोष. इंजिन खाली आल्याबरोबर थांबलं तर इंजिनाचं कंपन. नुसता ब्रेक मारतानाच हलत असेल तर डिस्क नाहीतर कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग). हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नको.

मुंबईकर_पांथस्थ
मला जुना हायवे म्हणायचं होतं. आणि ११० ला दोन मिनिटं नेल्याने इंजिन बसत नाही, मी माझी पहिल्या दिवसापासून तशीच चालवली. ६२ हजार किमी झाले, काही झालेलं नाही.

गोदाकाठ
क्लचबद्दल सांगते, कारण मी त्यात पोळले आहे. माझ्या आधीच्या गाडीत घरात उरलेलं कारचं ऑइल ओतलं गेलं. चारशे-पाचशे किमीत क्लच घसरायला लागला, गाडी रेस घ्यायची पण पळायची नाही. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघूनच ऑइल घ्यावं. क्लचच्या प्लेटा आणि मजुरी मिळून चार हजारांना बसलं ते.
तुमच्या गाडीत शोरूमनेच भरलेलं आहे, त्यामुळे हे नसावं. पण माझे हात लहान आहेत, मी ॲडजस्टेबल लिव्हर लावून घेतली. मनगटाचा त्रास निम्म्यावर आला.

घाटवाट
लिव्हर बदलून थरथर जाणार आहे का? टायरच आहे. लिहून ठेवा.

रंकाळा_फिटर
ताई लिव्हरचं क्लचसाठी सांगतायत, थरथरीसाठी नाही. आणि ऑइलचं अगदी बरोबर आहे, अशा दोन गाड्या तर या महिन्यातच माझ्याकडे आल्या.

भावा, तू लिहिलंयस की वळवून काढताना हमखास होतं. माझं लक्ष तिथेच अडकलंय. मेन स्टँडवर लाव. हँडल सरळ ठेवून क्लच लिव्हरचं टोक बोटाने ओढ, वायर ताणली जाईपर्यंत लिव्हर मोकळी किती हलते बघ. पुस्तकात त्याचं माप असतं, बऱ्याच गाड्यांना टोकाशी १० ते २० मिमी. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून तेच बघ. मोकळा खेळ एका बाजूला कमी होत असेल तर वायर कुठेतरी आवळली किंवा ओढली जातेय. प्लेटांचा काही संबंध नाही. खेळ अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि घाटात प्लेटा जळतात, म्हणून हे आजच बघ.

सीना_नदी
आधी हवा बघा. माझ्या भाच्याच्या नव्या गाडीत शोरूममधून जास्तच हवा भरून आली होती. टायर गार असताना बघा, चालवून आल्यावर आकडा चुकीचा येतो.

अजिंक्यतारा
सगळ्यांचे आभार. आज सकाळी करून बघितलं.

क्लच दाबून गॅस सोडला तरी थरथर तशीच, म्हणजे चाक. गार टायरमध्ये पुढे ३८ हवा निघाली, स्टिकरवर २९ आहे. २९ केली, थोडा फरक पडला पण गेलं नाही.

क्लचचं मात्र सापडलं. हँडल डावीकडे वळवलं की मोकळा खेळ शून्य. टाकीखाली टॉर्च मारून बघितलं तर फॉग लाइटची वायर, हॉर्नची वायर आणि क्लचची वायर, तिन्ही एकाच काळ्या प्लॅस्टिक टायने फ्रेमला करकचून आवळलेल्या. क्लच वायरच्या आवरणाला तिथे खळगा पडलाय. टाय कापला आणि लिव्हर लगेच हलकी लागली.

रंकाळा_फिटर
शाब्बास. खळगा पडलाय तर वायर पहिल्या सर्व्हिसला बदलून माग, आतला धागा तिथेच घासून तुटतो.
आता पुढचं चाक. मेन स्टँडवर लावून कुणाला तरी मागच्या सीटवर दाबून बसव म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्कला पेन टेकवून टोक रिमजवळ धर आणि चाक फिरव. रिम दोन मिमीपेक्षा जास्त इकडेतिकडे होत असेल तर आऊट, म्हणजे वाकडी आहे. टायरवर रिमलगत जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर पाहिजे. आणि रिमवर बॅलन्सिंगचं, म्हणजे चाक समतोल फिरावं म्हणून चिकटवलेलं वजन आहे का बघ.

अजिंक्यतारा
रिम सरळ आहे, रेघही सारखी आहे. पण वजन नाही! आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढा चौकोनी डिंकाचा डाग आहे, त्यावर धूळ बसून तो राखाडी झालाय. गेल्या रविवारी सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतली होती, तेव्हाच गेलं असणार.

घाटवाट
शोरूमच्या खर्चाने करून घ्या, स्वतःचे पैसे घालू नका.

गोदाकाठ
सहमत. लेखी तक्रार द्या, जॉब कार्ड घ्या.

मुंबईकर_पांथस्थ
+१, स्वतः खर्च केला की ते हात वर करतात. फॉग लाइटची वायर नीट ओढून घ्या, पण लाइट काढू नका. घाटात धुक्यात माझा जीव लाइटनेच वाचलाय.

सीना_नदी
उघड्या फॉग लाइटला आमच्याकडे दंड करतात. वर पिवळं कव्हर लावून ठेवा.

अजिंक्यतारा
उशिरा लिहितोय. शोरूमने पुढच्या मंगळवारची वेळ दिली, तोवर शनिवार उलटून गेला असता. साताऱ्यातच एका टायरवाल्याकडे बाइकचं चाक मशीनवर लावायची सोय मिळाली. २० ग्रॅम वजन लागलं, चाक काढ-घाल धरून ३५० रुपये. पुन्हा शोरूमशी भांडायला गेलो नाही, फक्त क्लच वायरची तक्रार लिहून दिली आहे.

फॉग लाइट दोन्ही काढून टाकले. दोघांनी ठेव म्हटलं, पण ती वायर पुन्हा क्लचला टेकणार नाही याची मला खात्री वाटेना. आई मागे असताना रात्री गाडी चालवायची नाही असंही घरात ठरलंय.

वाडीला जाऊन आलो. कराडच्या पुढे ८० ला आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता आला. ९५ च्या पुढे पायाशी बारीक कंपन येतं.

रंकाळा_फिटर
ते इंजिनाचं, सिंगल सिलिंडरला असतंच. चेन बघ आता, नवीन चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ढिली पडते. चाक फिरवत तीन-चार जागी बघ, एकाच जागी बघून घट्ट करू नको.

अजिंक्यतारा
उद्या सकाळी बघतो, फोटो टाकतो.