जॉन फॉरेस्टचा पुतळा राहावा की नाही? (माझं मत: राहावा)

पर्थकर:
आईबाबा आलेत तीन महिन्यांसाठी त्यामुळे सध्या दर रविवारी मी टूरिस्ट गाइड. परवा किंग्ज पार्कमधे जॉन फॉरेस्टच्या पुतळ्याशी बाबा थांबले. हा कोण? म्हटलं वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीच. तर म्हणे, "मंत्र्यांचे पुतळे आपल्याकडे काय कमी आहेत का, याने केलं काय ते सांग."

मग सांगितलं. १८४७ चा जन्म, बनबरीजवळचा, म्हणजे इथलाच पोरगा, विलायतेहून आलेला साहेब नव्हे. पेशाने सर्वेअर. १८७० मधे पर्थहून किनाऱ्याकिनाऱ्याने ॲडलेडला गेला, आणि १८७४ मधे तर जेराल्डटनहून निघून सरळ मधल्या वाळवंटातून, स्वतःला धरून सहा माणसं आणि वीसेक घोडी घेऊन साउथ ऑस्ट्रेलियातल्या तारेच्या लाइनीपर्यंत पोचला, एप्रिलमधे निघाले ते सप्टेंबरच्या शेवटी. सहाच्या सहा जिवंत. बर्क आणि विल्स हे दोघे शोधप्रवासी १८६१ मधे उपासमारीने मेले त्यांचे केवढे गोडवे गातात, आणि जो सगळ्यांना घरी आणतो त्याची गोष्ट बोअरिंग!

पुढे १८९० ला प्रीमियर झाला. कुलगार्डी-कालगुर्लीला सोनं सापडलं पण प्यायला पाणी नाही, खारं पाणी उकळून वाफेचं पाणी विकायचे, टायफॉइडने माणसं पटापट जात होती. तेव्हा याने ओकॉनर नावाच्या इंजिनियरच्या भरवशावर २५ लाख पाउंड कर्ज काढलं आणि मंडेरिंगच्या धरणापासून साधारण ५३० किमी पाइप टाकला. आठ पंपिंग स्टेशनं. १९०३ च्या जानेवारीत पाणी पोचलं आणि अजून चालू आहे.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड. त्यांना तिथूनच मंडेरिंगला घेऊन गेलो. पाइपावर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे. मग बोटाने टकटक करून म्हणाले "हं". त्यांच्या खात्यात याला सर्टिफिकेट म्हणतात.

तर माझं म्हणणं, असा माणूस कलोनियल असला तरी पुतळा बनतो. हाणा आता.

कोरडवाहू:
हाणतो. पाइप मान्य, बाबांना नमस्कार. पण तुम्ही सहा माणसं म्हणालात त्यातली दोन कोण ते खाल्लंत. टॉमी विंडिच आणि टॉमी पिअर, दोघं ॲबोरिजिनल, म्हणजे इथले मूळ रहिवासी. रोज सकाळी पुढे जाऊन पाणी हुडकायचं काम यांचं. धूर कुठे दिसतो, पाखरं कुठे उतरतात, पायाचे ठसे कुठे जातात. फॉरेस्टकडे सेक्स्टंट होता, सूर्य-तारे बघून जागा मोजायचं यंत्र, त्याने आपण कुठे आहोत ते कळतं, पाणी कुठे आहे ते नाही कळत.

आणि दुसरं, ते पाणी बेवारस नव्हतं. १३ जून १८७४, वेल्ड स्प्रिंग्ज. झरा चांगला म्हणून मुक्काम लांबवला, आणि ज्यांचा झरा ते भाले घेऊन आले. यांनी गोळ्या झाडल्या, मग दगडाची खोपटी रचून आत बसले. तुमच्या विहिरीवर कोणी वीस घोडी आणून बांधली तर तुम्ही काय सरबत देणार का? त्या झऱ्याला मार्तू लोकांचं आधीपासून नाव होतं, पलात्जी. वेल्ड कोण, तर गव्हर्नर.

पर्थकर:
टॉमीचं राहिलं, चूक कबूल. पण फॉरेस्टने त्याला लपवलं नाहीये हो. एका झऱ्याला विंडिच स्प्रिंग्ज नाव दिलं. १८७६ मधे टॉमी विंडिच एस्परन्सला तारेच्या लाइनीच्या कामावर न्यूमोनियाने गेला तेव्हा जॉन आणि त्याचा भाऊ अलेक्झांडर यांनी स्वखुशीने दगड बसवला कबरीवर. त्या काळात किती गोऱ्यांनी केलं असेल हे?

ताईसाहेब_मेलबर्न:
त्या दगडावर काय लिहिलंय वाचलंय का? मोठी बुद्धी आणि निष्ठा असलेला. निष्ठा! हा शब्द आपल्याकडे पण बघा कोणासाठी वापरतात, जुना गडी आणि घोडा. बरोबरीच्या माणसाला कोणी निष्ठावान म्हणत नाही.

उंटावरचा_शहाणा:
ताई, आमच्या पक्षात सगळे एकमेकांना निष्ठावानच म्हणतात 😄

जरा अवांतर. त्या सोन्याच्या खाणींवर पाइप यायच्या आधी सामान आणि पाणी कोण पोचवायचं? उंट. उंट आणि उंटवाले यायचे कराचीकडून, इकडे सरसकट 'अफगाण' म्हणायचे पण त्यात बलुची, पंजाबी, सिंधी सगळे. आणि कराची तेव्हा कुठे, तर मुंबई इलाख्यात! म्हणजे कागदोपत्री आपलेच इलाखाबंधू. आणि १८९७ मधे याच फॉरेस्टच्या सरकारने बाहेरून येणाऱ्यांना श्रुतलेखनाची परीक्षा लावली, युरोपियन भाषेत लिहून दाखवा नाहीतर परत जा. उंट चालतो, उंटवाला नको. पर्थकर, तुमचा पीआर (कायम राहायचा परवाना) आत्ताचा म्हणून वाचलात.

पर्थकर:
असे कायदे इतर वसाहतींनीही केले, एकट्या फॉरेस्टच्या माथी कशाला? आणि १८९९ मधे बायकांना मताचा हक्क दिला ते कोणी बोलणार नाही. ब्रिटनच्या कितीतरी आधी.

ताईसाहेब_मेलबर्न:
मी बोलते की. खाणींवर नुसते पुरुष, तेही बाहेरून आलेले आणि फॉरेस्टच्या विरोधातले. शहरात आणि शेतीच्या भागात बायका जास्त. बायकांना मत दिलं की खाणवाल्यांचं वजन आपोआप कमी. आधी हेच गृहस्थ विरोधात होते. आणि ॲबोरिजिनल, आशियाई, आफ्रिकन लोकांना मत तेव्हाही नाहीच, स्वतःच्या मालकीची जमीन असेल तरच. माझ्यासारखीला कुठून मिळणार होतं. मिळालं ते बरंच झालं पण आरती नका ओवाळू.

कोरडवाहू:
सगळ्यांच्याच माथीचा मुद्दा आलाय म्हणून एक फक्त त्याच्याच माथीचं सांगतो, जरा लांबेल. स्वराज्य देताना लंडनला इथल्या गोऱ्यांचा भरवसा नव्हता म्हणून राज्यघटनेतच कलम ७० घातलं, की ॲबोरिजिनल लोकांसाठी वर्षाला ५००० पाउंड बाजूला काढायचे आणि महसूल ५ लाखांच्या वर गेला तर महसुलाचा एक टक्का, आणि हा पैसा गव्हर्नरच्या हाताखालच्या बोर्डाकडे, मंत्र्यांचा हात नाही. मग सोनं निघालं आणि महसूल वीस लाखांच्याही पुढे गेला. म्हणजे एक टक्का किती झाला बघा. तर फॉरेस्ट साहेबांनी लंडनशी वर्षानुवर्षं भांडून १८९७ ला ते कलमच काढून टाकलं, स्वतःचं खातं केलं आणि परत ५००० वर आणून ठेवलं.

२५ लाखांचं कर्ज काढायला छाती आहे, आणि ज्यांनी झरे दाखवले त्यांच्या वाट्याचा शंभरातला एक जड होतो. पुढे त्यांचे वंशज कोर्टात गेले, २००१ मधे हायकोर्टात (इकडे सगळ्यात वरचं कोर्ट तेच) हरले. विषय संपला, पैसे गेले.

पर्थकर:
हे कलम ७० मला माहीतच नव्हतं. इथे नऊ वर्षं राहून. आत्ता शोधून वाचलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी पाइप आहे हो. पुतळा त्याचा समजा.

उंटावरचा_शहाणा:
पाइपाचा पुतळा हवा तर ओकॉनरचा बघा, फ्रीमँटलला आहे. फॉरेस्ट १९०१ मधे फेडरल मंत्री व्हायला निघून गेला आणि मागे हा बिचारा एकटा पेपरवाल्यांच्या आणि विरोधकांच्या तोंडी. भ्रष्टाचाराचे आरोप, चौकशी. मार्च १९०२ मधे एका सकाळी घोड्यावर बसून समुद्राकडे गेला आणि स्वतःला गोळी घालून घेतली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत शेवटी धरणाच्या बाजूच्या भिंतींचं काम लगेच करा असं लिहिलेलं. पाणी पोचलं दहा महिन्यांनी, आणि चावी फिरवायला रणरणत्या उन्हात हजर कोण? फॉरेस्ट.

पर्थकर:
हे बाबांना वाचून दाखवलं. भिंतींचं ऐकल्यावर चष्मा काढून पुसत बसले.

कोरडवाहू:
काकांना अजून एक सांगा. टॉमी विंडिचचा जन्म माउंट स्टर्लिंगजवळचा, म्हणजे केलरबेरिनच्या बाजूला. नकाशावर बघा, तुमचा पाइप कालगुर्लीला जाताना केलरबेरिनवरूनच जातो.

पर्थकर:
बघितलं. हायवेला लागूनच आहे, दोन-अडीच तास. येत्या शनिवारी जातोय, बाबा आत्ताच डबा काय घ्यायचा विचारतायत. पुतळ्याचं आल्यावर बोलू.